सप्टेंबरची कमाई

२३ सप्टेंबर १९७८, शनिवार

बावन्न पिंपं बटाटे! एकटीने!

माझा नंबर एकवीस. भरलेल्या प्रत्येक पिंपावर एकवीस नंबरची चिठ्ठी अडकवायची, पैसे पिंपामागे. संध्याकाळी पिंपं उचलायला ट्रक फिरला तेव्हा माझ्या चिठ्ठ्या संपतच नव्हत्या. थेरियो – शेत त्याचं – म्हणाला, "काय गं क्लोडेट, झोपेतपण वेचतेस की काय?" सगळे हसले. मला उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर. नेहमीसारखं.

गुडघे सोलले आहेत. सकाळी जमिनीवर दहिवर होतं, बोटं लाकडासारखी. पण मला आवडतं. सगळी पोरं शेतात, शाळा सुगीसाठी तीन आठवडे बंद, आणि बटाट्यांशी कुणाला बोलावं लागत नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

संपलं. शेवटचा पट्टा वेचून झाला. शेवटच्या आठवड्याचं पाकीट मिळालं. आईलाही मिळालं, ती यंत्रावर दगड-माती निवडायला उभी होती. दोघींची पाकिटं टेबलावर ठेवली तर नोएला म्हणाली, "आपण दुकान उघडूया!" आठ वर्षांची आहे. तिला दुकान म्हणजे फक्त टॉफी.

थेरियोने विचारलं, वसंतापर्यंत वखारीत बटाटे निवडायला येशील का. मी मान डोलावली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आणि शाळा?"

"वर्षभर थांबते."

"शाळा थांबते होय कुणासाठी?" मग म्हणाली, "जायचं असेल तर जा. भागवू आपण."

कशावर भागवणार? मोटेलमध्ये चादरी धुवायचं काम तिला आता आठवड्यातून दोनच दिवस आहे. बाबा कामासाठी कनेटिकटला गेले त्याला दोन वर्षं झाली. आधी मनिऑर्डर यायची. आता नाताळला कार्ड येतं.

मी म्हटलं, मला जायचं नाही. हे अर्धं खरं आहे. वर्गात नाव पुकारलं तरी मी वहीत मान घालते. पण गणित आवडायचं. भूगोलाची नवी पुस्तकं आली होती.

दर वर्षी दोन-तीन जण बटाट्याच्या सुट्टीनंतर परत जातच नाहीत. यंदा मी.

१० ऑक्टोबर, मंगळवार

शाळेची बस आली. नोएला एकटी चढली. खिडकीतून हात हलवत होती, मी शेडच्या मागे उभी होते. बसमधल्या मुलींनी मला वखारीच्या बुटांत बघू नये म्हणून.

११ ऑक्टोबर

नोएलाने शाळेतून कागद आणला. सवलतीच्या जेवणाचा अर्ज. असाच ऑगस्टमध्ये आला होता, तेव्हा आईने तो चुलीत घातला होता. "आम्ही काय भिकेला लागलोय?"

आज चुलीत नाही घातला. म्हणाली, "भर."

आमच्याकडे घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी. आईला इंग्रजी वाचता येत नाही. घरी कुठलाही कागद आला की मी वाचते आणि फ्रेंचमध्ये सांगते. बाबांना यायचं थोडं.

घरात किती माणसं – तीन. मागच्या महिन्यात प्रत्येकाने किती कमावलं. आईचं लिहिलं. मग माझं. एक पैसाही लपवला नाही. माझं नाव आणि पुढे माझा आकडा – पहिल्यांदाच! नीट, मोठा लिहिला. आईने खाली सही केली, शाळकरी पोरीसारखी जीभ बाहेर काढून.

"एवढं कमावलंस तू?" म्हणाली. मला इतकं बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

पत्र आलं. नाही म्हणाले.

मी वाचून सांगितलं: आपल्या घरची मिळकत ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. आई आधी हसली. "म्हणजे श्रीमंत की आपण! नोएला, ऐकलंस? आजपासून काकवी चमच्याने नाही, वाटीने!" नोएलाने खरंच वाटी आणली. आम्ही तिघी हसलो.

मग आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तव्यावर प्लोय होता. प्लोय एकाच बाजूने भाजायचा असतो, धिरड्यासारखा उलटायचा नाही. तिने उलटला. करपवला.

२१ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. चूक माझी आहे.

मागचा महिना म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये या खोऱ्यात सगळेच कमावतात! म्हातारी माणसंसुद्धा वेचायला जातात. ती वर्षातली तीन आठवड्यांची कमाई. आणि मी ती अशी लिहिली की जणू दर महिन्याला आमच्याकडे बटाटेच बटाटे. ऑफिसातल्या माणसाला काय कळणार? त्याने आकडा बघितला. माझा आकडा. मोठा लिहिलेला.

आईला सांगितलं. म्हणाली, "मग जाऊन सांग तसं."

"तू जा ना."

"मी? त्या शाळेत?" तिने चादर पिळावी तसा हातातला टॉवेल पिळला. लहानपणी मैदानात फ्रेंच बोलली म्हणून बाईंनी तिच्याकडून एकच इंग्रजी ओळ दोनशे वेळा लिहून घेतली होती. तिला अजून त्या ओळीचा अर्थ माहीत नाही. "त्या इमारतीत मी तोंड उघडणार नाही. तू शिकलेली आहेस."

मी शिकलेली!

२५ ऑक्टोबर

गेले होते. दारापर्यंत. परत आले.

आईला सांगितलं ऑफिस बंद होतं.

२७ ऑक्टोबर

पुन्हा गेले. जिन्यापर्यंत.

३० ऑक्टोबर

नोएला डबा न्यायचा नाही म्हणते. प्लोयची गुंडाळी करून, आत क्रेतों – मसाला घातलेलं डुकराचं सारण, तिचं आवडतं – लावून देते मी. ती म्हणाली, "नको. दाताने तोडलं की बाहेर येतं आणि सगळे बघतात."

"मग खाणार काय?"

"सगळं झालंय ठरवून."

"काय ठरवून?"

"अगं झालंय म्हटलं ना!" आईसारखी बोलते.

मला वाटलं मैत्रीण देत असेल.

४ नोव्हेंबर

पगार मिळाला. जळणाचं लाकूड घेतलं, अर्धी गाडी. रचून ठेवलं तर घराची एक भिंत झाकली. आई येता-जाता त्या भिंतीवर हात ठेवते.

९ नोव्हेंबर

वखारीत माझ्या शेजारी लोरेट बसते. चर्चसमोर राहते. तोंड बंद म्हणून नाही. आज मला म्हणाली, "काय गं, तुमची धाकटी रोज दुपारी चर्चभोवती प्रदक्षिणा कसल्या घालते? एवढीशी पोर, एवढी कुठली पापं केलीन?"

सगळ्या बायका खिदळल्या. मीपण हसले. हात मात्र थांबले, पट्ट्यावरून सडके बटाटे तसेच पुढे गेले, मुकादम ओरडला.

घरी आल्यावर नोएलाला शेडमध्ये नेलं.

"दुपारी कुठे असतेस?"

"मावशीकडे जेवायला."

"कुठली मावशी?"

"चर्चजवळची."

"नोएला, चर्चजवळ आपली मावशी नाही."

"शाळेत कुणाला माहीतय? सगळ्यांना मावश्या आहेत. बाईंनी लगेच हो म्हटलं."

"आणि खातेस काय?"

बुटाने लाकडाला टोचत राहिली. मग म्हणाली, "सात फेऱ्या मारल्या की घंटा होते. जोरात चाललं तर आठ. थंडी असली की भूक कमी लागते, तुला माहीतय का?"

नाही. मला माहीत नव्हतं.

"आईला सांगू नको," म्हणाली. "ती रडते तेव्हा तिचं नाक लाल होतं."

दहा दिवस. मी दोनदा न बोलताच परत आले, आणि ही दहा दिवस चालतेय.

१२ नोव्हेंबर, रविवार

उद्या जायचं. इंग्रजीत वाक्यं पाठ केली. चर्चमध्येसुद्धा तीच म्हणत होते. फादर काय बोलले ते विचारू नका.

१३ नोव्हेंबर, सोमवार

गेले.

वखारीतून अर्धा दिवस मागून घेतला. बूट पुसले. जेवणाचीच सुट्टी होती. जिन्यात वास – वाटाण्याचं सूप, पाव. माझ्या वर्गातल्या दोघी समोरून आल्या. एकीने विचारलं, "परत आलीस?" मी नाही म्हटलं की हो म्हटलं, आठवत नाही.

ऑफिसच्या दारासमोर माझी तीन वाक्यं पार गेली. एकही शब्द नाही. वळणारच होते. पण तिथल्या खिडकीतून चर्च दिसतं. आणि ती दिसली. निळी टोपी. बर्फाचा भुरभुराट सुरू झाला होता आणि ही हात खिशात घालून, कुणीतरी वाट बघतंय अशी चाललेली. कोपऱ्यामागे गेली. दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

दार ढकललं.

शाळेच्या कारकून सिरवाबाई टायपिंग करत होत्या. मी उभी. त्यांनी विचारलं, काय हवंय. मी खिडकीकडे बोट दाखवलं. एवढंच केलं! बोट दाखवलं आणि रडायला लागले, मूर्खासारखी.

त्या उठल्या, खिडकीतून बघितलं. मग दार लावलं. आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "ती कुणाकडे जेवते म्हणाली होती?" अगदी हळू. शाळेच्या आत मी पहिल्यांदा मोठ्या माणसाकडून फ्रेंच ऐकलं.

मग आलं सगळं बाहेर. एका दमात. सप्टेंबर, पिंपं, माझा आकडा.

त्यांनी आमचा जुना अर्ज काढला, बघितला, कपाळावर हात मारला. "अगं बाई! सप्टेंबर लिहिलास! सप्टेंबरात इथे सगळेच सावकार. माझा नवरासुद्धा." नवा कोरा अर्ज दिला. "ऑक्टोबरचं लिही. आणि खाली लिही की ते सुगीचं काम होतं, संपलं. मी वरच्यांशी बोलते. आजपासून तिला ताट मिळेल, पत्र येईपर्यंत माझ्या शब्दावर. तिला आत घेऊन ये आधी."

मी पळतच गेले. नोएला म्हणाली, "अजून दोन फेऱ्या राहिल्यात."

सूप मिळालं तिला. मी दारातून बघितलं. पाव आधी खाल्ला, भराभर, मग आजूबाजूला बघून हळू.

निघताना सिरवाबाईंनी विचारलं, "आणि तू गं? तू कधी येतेस?" मी खाली बघितलं. "हं," म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

रात्री आईला सांगितलं – चर्चचं सोडून. ती म्हणाली, "बोललीस तू? तू?" माझे गाल धरले दोन्ही हातांनी. मोटेलच्या साबणाने तिची बोटं उकलली आहेत, टोचतात. "ऐक. त्यांनी तुला परत घेतलं तर जायचं. लाकडाचं मी बघते. अजून एखादं मोटेल बघते. ऐकतेस ना?"

हो म्हटलं.

१४ नोव्हेंबर

अर्ज भरला. ऑक्टोबरचं. या वेळी आकडा लहान लिहिला, तो होताच लहान. आईने सही केली.

१७ नोव्हेंबर

नोएलाची बडबड थांबत नाही. मंगळवारी मकरोनी, बुधवारी मासा जो मासा नाही, आज जेली. "जेली हलते, क्लोडेट! ताटात नुसती हलते!" मावशीचं काय झालं म्हणून मैत्रिणींनी विचारलं. हिने सांगितलं, वारली. तर बाईंनी वर्गाकडून प्रार्थना म्हणून घेतली!

आईला कळेना आम्ही दोघी का हसतोय.

२० नोव्हेंबर

आईला ताप. तरी मोटेलला गेली. दुसऱ्या मोटेलमध्येही विचारून आली म्हणे. मी म्हटलं कशाला? म्हणाली, "असंच."

संध्याकाळी खुर्चीतच झोपली, अंगात कोट तसाच. बूट मी काढले.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पत्र आलं. मंजूर! आई अंथरुणात उठून बसली, म्हणाली मोठ्याने वाच, एकेक शब्द सांग. सांगितला. खालील मुलांना या शालेय वर्षात जेवण विनामूल्य मिळेल, असं आहे. खाली दोन नावं आहेत. नोएला. आणि मी.

आईला मी एकच वाचून दाखवलं, नोएलाचं.