एका बहिणीसाठी

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावाने सलाम. इकडे सगळे ठीक, तूही ठीक असशील. मम्मीचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो, पण ती तक्रार करत नाही, त्यावरून बरा आहे असं धरायचं. पप्पांकडे शाळेच्या हजेरीपटांचं मोठं काम आलंय, त्यामुळे घरभर खळीचा वास. हे पत्रही मी त्यांच्या बाइंडिंगच्या खोलीत बसूनच लिहितेय. ते दोरा आणायला गेलेत.

फोन हातात असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पुढे सांगते.

आधी त्या ख्रिस्ती परिषदेचं. तू विचारलं होतंस, आठ हजार माणसं एकत्र आराधना करतात म्हणजे नक्की कसं असतं? तर पहिल्या दिवशी ते रांगेसारखं असतं. नोंदणीची रांग, बॅगा तपासायची रांग, पाण्याची रांग, आणि मुलींच्या बाथरूमची रांग. त्या शेवटच्या रांगेत माझी एका मुलीशी ओळख झाली, मैत्री झाली आणि भांडणही झालं, तरी माझा नंबर लागला नव्हता. आमच्या कॉलेजचे आम्ही एकोणीस जण होतो. हॉल म्हणजे एरवी जिथे यंत्रांची प्रदर्शनं भरतात ती पत्र्याची भलीमोठी शेड. जमिनीवर तेलाचे जुने डाग, त्यावर निळ्या सतरंज्या. पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे, पण ते सरकवणारा माणूस कायम एक ओळ मागे. त्यामुळे पहिल्या दिवशी आठ हजार माणसं देवासमोर अंदाजाने तोंड हलवत होती.

मला वाटलं, हे आपल्याला काही जमणार नाही. आजूबाजूला सगळे डोळे मिटून हात वर करून उभे, आणि मी बघतेय की ढोलवाल्याला काचेच्या पेटीत का बसवलंय. उकडत असेल बिचाऱ्याला.

शनिवारी दुपारी मात्र वेगळंच झालं. गाणं ऐन रंगात असताना स्पीकर बंद पडले. वाद्यं बंद, पडदा काळा. क्षणभर सगळे थबकले आणि मग मागून कुठूनतरी बायकांनी तीच ओळ उचलली. ती पुढे पुढे येत आमच्यापर्यंत आली. ताई, मला माझा आवाज ऐकूच येत नव्हता, पण छातीत कळत होतं की मी गातेय. दहा-बारा मिनिटं असेल. एरवी मी कशावरही हसते हे तुला माहीत आहे. तेव्हा हसू आलं नाही.

त्यानंतर आम्हाला गटागटाने बसवलं. एका गटात आठ मुली. आमची गटप्रमुख नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आमच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण सगळ्यांना 'बाळा' म्हणायची. ती म्हणाली, "प्रत्येकीने आपलं एक ओझं इथे उतरवायचं. मोठं-छोटं काही नसतं, बाळांनो."

पहिली मुलगी म्हणाली, आईचं डायलिसिस चालू आहे. दुसरीचा भाऊ दोन वर्षं घरी आलेला नाही. तिसरीला काही सांगताच येईना, ती नुसतीच रडत राहिली आणि आम्ही तिच्या पाठीवर हात ठेवले. मी पाचवी होते. मी मनात ठरवून ठेवलेलं ओझं काय होतं माहीत आहे? संख्याशास्त्राचा पेपर.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. पाणी पिऊन आले. खिडकी लावली, परत उघडली. आता लिहितेच.

माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "माझ्या ताईने घर सोडलंय."

मी तुझं नाव घेतलं नाही. गावाचं नाव घेतलं नाही. हे मी स्वतःला गेले दहा दिवस सांगतेय. पण बाकीचं सगळं सांगितलं. भाऊजी चर्चमध्ये गायनमंडळ चालवतात, सगळ्यांशी हसून बोलतात, आणि घरात तुझ्याशी अकरा आठवडे एक शब्द बोलले नाहीत हे सांगितलं. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावतात, तेही पप्पांनी दिलेल्या पॅडच्या चिठ्ठ्या, हेही. तू पाच आठवड्यांपूर्वी निघून आलीस आणि तुझ्या दातांच्या लॅबमधल्या मैत्रिणीच्या खोलीत राहतेस, आणि पप्पा-मम्मींना यातलं काहीही माहीत नाही.

तू हे मला एकटीला सांगितलं होतंस, लॅबच्या बेसिनपाशी, प्लास्टरने भरलेले हात धुताना. म्हणाली होतीस, "परत जायचं की नाही, ते आधी माझं मला ठरवू दे. मग घरी मीच सांगेन. तोवर तुझं तोंड बंद." मी शपथबिपथ नको म्हणाले, कारण आपण शपथ घेत नाही. नुसता शब्द दिला.

मी खूप रडले, ताई. सात जणींचे हात पाठीवर होते. गटप्रमुखाने माझं डोकं मांडीवर घेतलं. आणि मला इतकं बरं वाटलं! तेच तुला सांगायचं आहे, फोनवर सांगता आलं नसतं. मी तुझ्यासाठी रडले असं मला तेव्हा वाटलं. पण खरं असं आहे की सगळ्यांकडे काहीतरी होतं आणि माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी तुझं दिलं. तुझं दुःख मी माझं म्हणून वापरलं. फोनवर हे बोलले असते तर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. मला माहीत आहे ना मी.

आता पुढचं.

रविवारी दुपारी परतीच्या बसमध्ये बसले आणि मम्मीचा मेसेज आला. तसाच्या तसा उतरवते:

'एका बहिणीसाठी तातडीची प्रार्थना विनंती. बहिणीचे पती मंडळीत गायनप्रमुख असून घरी अबोला धरतात. भेट मिळालेल्या पॅडवर चिठ्ठ्या लिहून फ्रिजला लावतात. पती व्यसनी. बहीण घर सोडून गेली आहे. पदरी तीन लेकरे. आईवडिलांना कल्पना नाही. कृपया गुप्तता राखून पुढे पाठवावे.'

आणि खाली मम्मीने स्वतः लिहिलं होतं: 'बाळा, तूही प्रार्थना कर हं. तिच्या आईवडिलांना कळेल तेव्हा काय होईल त्यांचं!'

तिला कळलेलं नाही. व्यसन आणि तीन लेकरं वाटेत कोणीतरी जोडली, त्यामुळे तिला आपलं काही वाटलंच नाही. तिने महिला मंडळात ती विनंती वाचून दाखवली. घरी रोज जेवणाआधी ती त्या बहिणीसाठी प्रार्थना करते. परवा म्हणाली, "प्रभू, त्या लेकरांच्या पायात चप्पल असू दे." मी ताटात बघत होते. पप्पांनी आमेन म्हटलं, पण जरा उशिरा.

काल त्यांनी मला या खोलीत हाक मारली. हजेरीपटांच्या पाठींना खळ लावत होते. वर न बघता म्हणाले, "मुलं तीन नाहीत ना?"

मी म्हणाले, "एकही नाही."

त्यांनी ब्रश चालूच ठेवला. चार पाठी झाल्या. मग म्हणाले, "ऑगस्टमध्ये गेलो होतो ना, तेव्हा फ्रिजवर सहा चिठ्ठ्या होत्या. मी म्हटलं, वा, आपलं पॅड उपयोगी पडतंय. जेवताना जावयाला मीठ हवं होतं. मागितलं नाही त्याने. पोरीने आपणहून बरणी सरकवली. मी बघितलं ते, आणि पावसावर बोलत बसलो."

"पप्पा, तुम्हाला कसं कळणार?"

"कळलं होतं. विचारलं नाही, इतकंच." मग माझ्याकडे बघितलं. "हे कोणी फोडलं?"

खोटं बोलायला जागा होती. गटप्रमुखावर ढकलता आलं असतं. मी म्हणाले, "मीच."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तिला कळव. लपवाछपवी न करता, सगळं. तिने स्वतः सांगेपर्यंत मला काही माहीत नाही, आणि तुझ्या मम्मीलाही नाही. सांगायचं ते तिचं आहे. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे. बोलावलं तर पहिल्या गाडीने येतो. नाही बोलावलं तर तिच्या फोनवर आधीसारखाच पाऊसपाणी विचारीन."

तर हे आहे. चर्चचे पाळक विचारत होते, या रविवारी सगळ्यांसमोर परिषदेच्या अनुभवाची साक्ष देशील ना? मी सांगितलं, घसा बसलाय. शनिवारचं ते गाणं खरं होतं, अजून वाटतं खरं होतं. पण त्याच्यामागोमाग मी जे केलं ते त्याच तोंडाने केलं, मग उभं राहून काय सांगू?

माफ कर असं लिहिणार होते. ते तुझ्या सवडीने. आधी पप्पांना काय सांगू ते कळव.

चुकलेली,
तुझी धाकटी


१८ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय भोंग्यास,

(प्रिय लिहायचं नव्हतं. हात सवयीने लिहून गेला.)

तुझं पत्र काल लॅबमध्ये आलं. मी एका आजोबांची कवळी घासत होते. दोन ओळी वाचून बाजूला ठेवलं, कारण तू मम्मीच्या गुडघ्यापासून सुरुवात करतेस तेव्हा पुढे काहीतरी भयंकर असतं. लहानपणी माझी सायकल नाल्यात घातलीस तेव्हाही आधी गुडघाच होता.

मी रागावले आहे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की नाही.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्याचा फोन आला होता. ती विनंती फिरत फिरत त्याच्या गायनमंडळातल्या एका बाईंकडे गेली. त्यांनी ती सरावाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली, त्याच्यासमोर. आणि त्यानेच पुढे होऊन सगळ्यांकडून प्रार्थना करून घेतली म्हणे. मग बाहेर येऊन मला फोन लावला.

चार महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. हातातली कवळी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. गेले पाच आठवडे मी रोज ठरवायचे की तो एकदा, फक्त एकदा, आपणहून बोलला तर मी परत जाईन. बॅग पूर्ण उघडलीसुद्धा नव्हती मी.

तो म्हणाला, "लोकांना काय काय सांगितलंयस?"

मी वाट पाहिली. म्हटलं, पुढे विचारेल, कशी आहेस, कुठे आहेस, जेवतेस का. तो म्हणाला, "मी दारू पितो असं कोणी लिहिलं? ते आधी दुरुस्त करायला सांग."

मी म्हटलं, "सांगते." आणि ठेवला. त्या दिवशी खोलीवर जाऊन बॅग रिकामी केली. कपडे कपाटात लावले.

तेव्हा माझं ठरलंय. तुझ्यामुळे ठरलं असं मुळीच समजू नकोस. तुझे आभार मानायची माझी तयारी नाही. माझं मला ठरवायचं होतं, अजून महिना लागला असता तर लागला असता. तो महिना तू माझ्याकडून घेतलास.

तुझ्या गाण्याचं मला विचारू नकोस. खरं होतं की नव्हतं, ते मी तिथे नसताना कसं सांगू? पण एक सांगते, त्या सात जणींना आणि त्या गटप्रमुखाला फोन कर आणि सांग की तुझा संख्याशास्त्राचा पेपर होता. त्यासाठी प्रार्थना करू देत त्यांना. तुला गरज आहे, मला माहीत आहे तुझं गणित.

पप्पांना सांग, येऊ नका, मीच येते. पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीने. त्यांनी स्टँडवर यावं, एकट्याने. ऑगस्टमध्ये मीही पावसावरच बोलत होते, हे मला त्यांना सांगायचं आहे. मम्मीला मी स्वयंपाकघरात सांगेन, दोघीच असताना. ती रडेल, मग चिडेल, मग विचारेल की महिला मंडळाला आता काय सांगायचं. त्यातलं सगळं मी ऐकून घेईन. तू त्या वेळी घरात असायचं, पण खोलीच्या बाहेर. हाक मारली तरच आत.

आणि तुझं माझं. मी ठरवलं होतं की महिनाभर तुझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तुला चांगलं झोंबलं असतं ते. पत्र पाठवून दिवसामागून दिवस वाट बघितली असतीस. रात्रीत मन बदललं. न बोलणं समोरच्याचं काय करतं, ते मी अकरा आठवडे मोजलेलं आहे. तुझ्यावर कितीही रागावले तरी तुला ते देणार नाही. म्हणून शनिवारी आल्यावर मी तुझ्याशी बोलणार आहे. मोठ्याने, दार लावून, सगळं. तू मध्ये बोलायचं नाहीस, आणि रडायचं तर अजिबात नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
आणि तरीही तुझीच,
ताई