रिकामा डबा

आईले समीक्षाचा पाया पडून नमस्कार.

मी खुशाल आहे. फोनवर माझा आवाज ऐकून तू घाबरशीन, म्हणून लिहून राह्यली.

व्हिएतनाममधलं हे डोंगरातलं गाव सोडायले मन होत नव्हतं. आपल्या जळगावातून सातपुडा दिसतो, तसाच इथं खिडकीतून डोंगर दिसते. काल निघताना घरमालकीण आजीनं डबाभर भात दिला. तो मी तिच्यासमोरच खाल्ला. पण डबा रिकामा परत करू नये, हे तूच शिकवलेलं. म्हणून बॅग बसमध्ये ठेवली अन् साखर आणायले पळाली. परत आली तं बस निघून गेलेली.

आजीच्या हातात साखरेचा डबा दिला अन् तिथंच रडत बसली.

दोन तासांनी खबर आली. घाटात दरड पडली अन् ती बस दरीत गेली. माझ्या संगं फिरणारी केरळची अंजना माझी जागा धरून बसली होती. ती अजून सापडली नाही.

तुझा गुडघा कसा आहे? बाबाले यातलं काही सांगू नको. रस्ता मोकळा झाला की मी घरी येतो.

दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळशीन, तवा एक तिच्या नावाचाही ओवाळजो.

तुझी पोरगी,
समीक्षा