दहावी ‘ब’ची खुर्ची

आदरणीय मेश्राम बाई,

तक्रार आहे. तुम्ही गेलात, त्याबद्दल नंतर बोलू. आधी खुर्चीचं बघा!

दिवाळीनंतर, तुमच्या शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी, तुमचा दहावी ‘ब’चा मराठीचा तास माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच दिवशी टेकायला गेलो, तर अख्खा वर्ग ओरडला, "सर, तिथं नका बसू!"

"काहून?"

"नाही बसत नं सर तिथं."

बस्स, एवढंच! माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. मी खुर्चीचे पाय हलवून पाहिले. वाकून खाली च्युइंगम शोधलं. काही नाही! म्हणजे नक्कीच काहीतरी होतं. तेव्हापासून पन्नाशीला आलेले गुडघे घेऊन उभ्यानं कविता शिकवतोय. पेपरातल्या सदरात सगळ्या शहराची खिल्ली उडवणारा माणूस, आणि त्याला ही पोरं उभं करतात!

संशय मला तुमचा आधीपासूनच होता. माझ्या नववीत भिंतीपलीकडून तुमच्या वर्गाचा गोंगाट यायचा. कवितेच्या तासाला इतकं हसतात कशाला? एकदा दारातून डोकावलो, तर तुम्ही मागच्या बाकावर पोरींमध्ये चेंगरून बसलेल्या! पोर्शन सोडून गप्पा चालल्यात, असं मी स्टाफरूममध्ये तोंडावर म्हणालोही. डबा उघडत तुम्ही म्हणालात, "शेंडे सर, इतका संशय खाऊन जेवण पचते कसं तुम्हाले?"

मग विचारलंत, "तुम्हाले कोणती कविता लागली आजवर? आवडली नाही म्हणत मी. लागली."

मी म्हटलं, "बाई, तुमची भाजी तिखट दिसते."

तुम्ही हसलात. "बरं. उत्तर उधार राहिलं."

पुन्हा विचारलंच नाही. का नाही विचारलंत?

आणि तुमची ही लाडकी पोरं! माझ्यासमोर त्यांचं एकदम गाईड झालं. काहीही विचारा, एका सुरात उत्तर: "कवीने आपल्या भावना प्रभावीपणे व्यक्त केल्या आहेत." कोणत्या भावना? तेच वाक्य पुन्हा. उलट एक प्रश्न नाही. हेच शिकवलंत का जूनपासून? की मला आत घ्यायचंच नाही, असं यांनी ठरवलंय? खरं सांगतो, या दुसऱ्या शंकेनं मी घाबरलो होतो.

आज सायकलची कविता होती. बाप गेल्यावर कवी अंगणातल्या त्याच्या सायकलीचं वर्णन करतो. गंजलेली घंटी, दोरीनं बांधलेलं कॅरिअर. मी फळ्यावर रसग्रहणाचे मुद्दे लिहीत होतो. मागून सक्करदऱ्याहून येणारी प्राची म्हणाली, "सर, याचा बाप मेला. मग हा सायकलीचंच काहून सांगून राहिला? बापाबद्दल एक ओळ नाही."

विनोद जिभेवर आला होता. गिळला. "मला नाही माहीत, बेटा."

वर्ग ताठ झाला. प्राची उठली, पुढे आली आणि सरळ खुर्चीत बसली!

"हे काय?"

"बाईचा नियम होय सर. ज्याच्या प्रश्नाचं उत्तर बाईले नाही आलं, तो घंटी होईपर्यंत खुर्चीत. बाई त्याच्या जागेवर. जा तुम्ही माझ्या बाकावर."

"मग आधी सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ‘माहीत नाही’ म्हणाल, असं वाटलंच नाही नं सर."

म्हणजे त्या दिवशी मागच्या बाकावर तुम्ही हरून बसला होतात, बाई! आणि इतक्या खुशीत?

गेलो. इतक्या दिवसांनी बूड टेकलं, तेही बाकावर. खुर्चीतून प्राचीनं तोच प्रश्न वर्गाला टाकला. पुढचा आर्यन म्हणाला, "बापाबद्दल लिहिलं असतं, तर कागद ओला झाला असता नं वं."

वर्ग हसला. मग कोणीच हसेना.

आत्ता हे पत्र वरून वाचून काढलं. नुसती खुर्ची, खुर्ची, खुर्ची! तुम्ही गेलात त्याबद्दल नंतर बोलू म्हटलं होतं, ते अजून बोललेलो नाही. बाई, संशय येतोय. या वेळी माझाच.

शब्द देतो. जूनमध्ये नवी दहावी येईल, तिलाही पहिल्या दिवशी सांगेन, तिथं नका बसू. आणि उत्तर येणार नाही तेव्हा विनोद करणार नाही, मुकाट बाकावर जाईन.

आणि ते उधार राहिलेलं उत्तर. सायकलची. आज, प्राचीच्या बाकावर.

भिंतीपलीकडचा,
शेंडे