हाराखालचं मशीन

६ ऑक्टोबर, सोमवार
शेफालीला काम मिळालं! आणि कुठं — होणाऱ्या सासऱ्यांच्याच कारखान्यात! कंप्युटरमधली चोरी शोधायचं. मला आधी वाटलं, कंप्युटरच गेला. तर नाही — आतली टेंडरच्या भावांची फाईल ऐन दसऱ्याला कुणीतरी उचलली अन् दुसऱ्या कंपनीला दिली. मोठं काम हातचं गेलं. सीतारामराव म्हणाले, "शेफाली, तूच बघ." चौथी शिकलेल्या आजीची नात, अन् कारखानदार तिला बोलावणं धाडतात! आज कोजागिरी. दुधात चारोळ्या दुप्पट टाकल्या. हे म्हणाले, "लग्न लागल्यासारखं काय करतेस? अजून साखरपुडा व्हायचाय."
होईल की दिवाळी झाल्यावर! मुलगा-सून नाशिकला, म्हणून बोलणी सगळी माझ्याकडं. पियुष देखणा आहे. बघायला आला तेव्हा पोहे दोनदा मागून घेतले.

७ ऑक्टोबर
शेफालीनं त्या कंप्युटरची नक्कल काढून घरी आणली. मूळ मशीनला हात लावायचा नाही म्हणे, नकलेतच शोधायचं. मी शेजारी शेंगा सोलत बसले. कंप्युटर सगळं लिहून ठेवतो — कधी चालू झाला, कधी बंद, कोण आलं, कुठून आलं. त्याला लॉग म्हणतात.
"म्हणजे आपल्या विमलाबाई!" समोरच्या गॅलरीत त्या दिवसभर हेच तर करतात.
"हो आजी, पण हा मीठमसाला लावत नाही."
पोट धरून हसलो दोघी. पण ओळी किती — हजारोंनी! माझे डोळे चुरचुरले, ती जागची हलली नाही.

८ ऑक्टोबर
आज हसू नाही. संशय नाजिमावर आहे. ती तिथलं ऑफिस सांभाळते. येरवड्याला राहते, दोन पोरी पदरात. झालं असं — खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून पूजा केली, हार घातले. मग दसरा सरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सगळे घरी. फोन घ्यायला कुणीतरी हवं, तर नाजिमाच म्हणाली, "तुम्ही सोनं वाटा, मी बसते." बसली एकटी! आणि फाईल उघडलीय तिच्याच नावानं. पियुष सगळ्यांसमोर म्हणाला, "कबूल कर, नाहीतर राहशील येरवड्यातच — भिंतीच्या आत."
मला नाही आवडलं ते. शेफालीला म्हटलं, नीट शोध गं, बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे.
"आजी, मी लॉग बघते, माणसं नाही." पण जेवली नाही.

९ ऑक्टोबर
अजून शोधतेच आहे. मेथी तशीच ताटात.

११ ऑक्टोबर
सापडलं! दसऱ्याला मशीन चालू झाल्याची ओळच नाही. आणि आदल्या दिवशी बंद झाल्याचीही नाही! शेफाली उठली ती थेट कारखान्यात. शिपाई रामदासला म्हणाली, "काका, पूजेआधी बंद कसं केलंत, दाखवा बरं." त्यानं पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा. "हे काय, झालं बंद!"
अगं बाई! खालचा डबा चालूच! हार घालून, हळदकुंकू लावून, आपला जागाच! हसू तरी कसं, टीव्ही काळा झाला की मीही तेच म्हणते.
तर नाजिमानं मशीन चालू केलंच नाही. त्या मशीनपुढं कुणी बसल्याची ओळच लॉगमध्ये नाही. कुणीतरी बाहेरून, आपल्या मशीनवरून, तिच्या नावानं आत शिरलं. पासवर्ड काय — कारखान्याचं नाव अन् पुढं एक दोन तीन. चहावाल्यालाही पाठ!
बाहेरच्या मशीनचं नावही लॉगमध्ये असतं म्हणे. "मग काढच ते," म्हटलं. "आता सोडायचं नाही."

१३ ऑक्टोबर
पियुषचा लॅपटॉप.
शेफालीनं पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. मला ती इंग्रजी ओळ वाचता येत नाही. तिचं तोंड येतं.
"मन आहे का गं त्याच्यावर?"
"होतं, आजी."
हे म्हणाले, "नात्यात वाकडं येईल हो."
"येऊ दे! निर्दोष बाईला तुरुंगात घालून अंतरपाट धरायचा का?" मी जरा मोठ्यानंच बोलले. विमलाबाईंनी ऐकलं असेल. ऐकू दे.
शेफालीला म्हटलं, लिही. त्याच्या नावासकट लिही. एक कागद सीतारामरावांना, एक नाजिमाच्या हातात. मग कुणाला दडपता यायचा नाही.
ती लिहायला बसली. मी चहा ठेवला, आलं घालून.

१४ ऑक्टोबर
कागद सकाळीच दोन्हीकडं पोचले. दुपारी पियुषच्या आईचा फोन. रडत होत्या. "अहो, पोराची चूक कळली तेव्हाच मी यांना शेफालीचं नाव सुचवलं. आपलं माणूस झाकून घेईल म्हणून!"
मी म्हटलं, "नाव अगदी बरोबर सुचवलंत."
आणि सोयरीक मोडली.