वाफ वरच जाते, असं मी शिकवलं

३ नोव्हेंबर १९६९, पालघर

उद्धट कार्टी! पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मी शिकवलं, आणि आज माझ्याच ओटीवर बसून मलाच विचारते — "बाई, तिथं वर कुठलं?"

शालू. दांडी गावच्या रंभाबाईची मुलगी. माझ्या सगळ्या नोकरीत अभिमान वाटावा अशी एकच. आता एम.एस्सी. झाली, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जागा हवी आहे, त्यासाठी माझं शिफारसपत्र. तिथं उपग्रहातलं यंत्र द्रव हेलियमनं गार ठेवायचा विचार चाललाय. हेलियम हळूहळू उकळणार, वाफ बाहेर सोडायलाच हवी. मी म्हटलं, नळी भांड्याच्या तोंडाशी बसवा, वाफ वरच जाते. तर म्हणते, "वजनच नाही तर वर-खाली कसलं, बाई? द्रव गोळे होऊन तरंगेल. नळीतून वाफेआधी तोच निसटेल!"

मग उपाय?

"तोंडाला माठासारखी मातीची चकती. पाझरेल तेवढंच उडेल, आतलं गार राहील."

माठ! अंतराळात! मी म्हटलं, पत्र विसर.

५ नोव्हेंबर

नाही देणार.

८ नोव्हेंबर

सकाळपासून कॉन्व्हेंटचा तो वर्ग डोळ्यांपुढे आहे. फरशीच्या पॉलिशचा वास, आमचे कडक स्टार्चचे फ्रॉक. पाहुण्या प्रोफेसरांनी अतिथंड द्रवरूप हवा आणली होती. गुलाब बुडवून टेबलावर आपटला — काचेसारखा फुटला! मी हात वर केला : "सर, ही वाफ खाली का सांडतेय?" मुली फिदीफिदी हसल्या. प्रोफेसर खूश झाले : "थंड आहे म्हणून जड. छान पाहिलंस."

मदर सुपीरियर खूश नव्हत्या. पाहुण्यांसमोर आगाऊपणा! कॉलेजसाठीचं माझं पत्र त्यांनी वर्षभर अडवून ठेवलं. चाळीस वर्षं मी त्यांना शिव्या देतेय.

सोळाव्या वर्षी मला दिसलं होतं. आणि परवा मीच म्हटलं — वाफ वरच जाते!

११ नोव्हेंबर

पत्र लिहिलं, घेऊन स्वतः दांडीला गेले. रंभाबाई बोंबील वाळत घालत होती.

"शालू परवाच गेली, बाई. पत्र घेऊनशान."

"कसलं पत्र?"

"तुमचंच की! मला वाचता येत नाय, पन सही दावली तिनं. लई उपकार हाय तुमचे."

माझं पत्र पिशवीतच ठेवून मी परतले. वाटेत नुसता संताप संताप. माझी सही! चोरटी! मागायचं होतं —

मागितलंच होतं.

२१ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचं पत्र आलं. शिफारसपत्रावरची सही अर्जासोबतच्या शाळेच्या दाखल्यांवरच्या आपल्या सहीशी जुळत नाही, आपलीच का ते कळवावं.

उलट टपाली कळवलं — माझीच. हल्ली हात कापतो.