मामींचं सहावं देऊळ

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी वाद घालताना आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. पूर्वपक्ष माझा, उत्तरपक्षही माझा, आणि तरी बहुतेक वेळा जिंकता तुम्हीच. मंगळवारी मात्र हरलात, आणि हरताना मला तोंडघशी पाडलंत.

इथे शुगर लँडमध्ये आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब आहे. त्या घरातल्या आजींना सगळे मामी म्हणतात, मीही म्हणते. सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारण्याइतकी मी अजून अमेरिकन झालेली नाही. मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, सहा मोठी क्षेत्रं त्यांच्या मुलखात आहेत. पाच त्यांनी नवऱ्याबरोबर केली. सहावं, पळणीचं, करायचं ठरलं आणि मामा गेले. आता गुडघे डोंगर चढू देत नाहीत, म्हणून पळणीच्या जागी ह्यूस्टनजवळच्या देवळातला मुरुगन चालवून घ्यायचा, असं मामींनी परस्पर ठरवून टाकलं. "तोही विमानानेच आलाय, मा," त्या मला म्हणाल्या, "माझी अडचण त्याला कळेल." आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो, आपापल्या आईच्या चालीवर.

त्यांचा मुलगा कामासाठी बाहेरगावी, तेव्हा ड्राइव्ह करायला मी. देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली आणि म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी एसी लावून बसते.

यात नवीन काही नव्हतं, अण्णा. आपल्या गावच्या टेकडीवर कार्तिकेयाच्या देवळात तुम्ही आत जायचात, आणि आई नि मी खालच्या पायरीवर तुमच्या चपला सांभाळत बसायचो. एकदा मी विचारते, बायकांनी त्याला पाहू नये असं कुठे लिहिलंय? आई पदराने वारा घेत दुसरीकडे बघते. आणि तुम्ही, घरी भाजीच्या चवीलाही प्रमाण मागणारे तुम्ही, म्हणता, "प्रत्येक गोष्टीला आधार विचारायचा नसतो." मला त्या वेळी तुमची दया आली होती. पण नियम मी पाळत राहिले. संस्कृत घेऊन एम.ए. केलं, इथे रविवारी मुलांना सुभाषितं शिकवते, तरी पाळत राहिले.

मामी दार उघडून थांबल्या. "एकटीने कशी पायऱ्या चढू? चल."

"आमच्याकडे बायका त्याचं दर्शन घेत नाहीत, मामी. तो ब्रह्मचारी आहे."

"ब्रह्मचारी? आमच्याकडे त्याच्या दोन बायका आहेत. दोघी शेजारीच उभ्या असतात, बघ येऊन." त्या हसल्या. "आणि पाहिलं तर काय होतं?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण आधार विचारला की उत्तर द्यायची मला सवय, ती तुमचीच. बोलून गेले, "वैधव्य येतं. सात जन्म."

मामींच्या कपाळावर नुसती विभूती होती. त्यांनी दारावरचा हात काढला. माझ्या तोंडून काय गेलं हे मला त्या हातामुळे कळलं.

त्यांनी विचारलं, "तुझ्या आईने त्याला कधीच पाहिलं नाही?"

"कधीच नाही."

"वडील आहेत?"

अण्णा, त्या टोचून विचारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या, आणि मला सांगावं लागलं की नाहीत, मी कॉलेजात असतानाच गेले. आई तेव्हा माझ्या आजच्या वयाची होती. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती.

मामी "हं" म्हणाल्या. मग हात पुढे केला. "भीती वाटते तर डोळे मीट. पण हात दे, गुडघा दुखतोय."

मी हात दिला. आत मान खाली घालून उभी राहिले. थंड फरशी दिसत होती आणि मामींचे पायमोजे. पुजारी अर्चनेसाठी नाव नि नक्षत्र विचारत आला. मला वाटलं, त्या मामांचं नाव घेतील, नाहीतर मुलाचं. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "तुझ्या नवऱ्याचं नक्षत्र कुठलं?"

मी सांगितलं, रोहिणी. मग माझ्या नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी मंत्र सुरू झाले. उच्चार चोख होते. तुम्हालाही खोट काढता आली नसती. मामी हात जोडून, डोळे सताड उघडे ठेवून समोर बघत होत्या.

येताना गाडीत त्या म्हणाल्या, "सहा झाली." मी काय पाहिलं हे विचारलं नाही. पुढच्या महिन्यात आई इथे येतेय. तिला आपण त्याच देवळात नेऊ, असं मात्र म्हणाल्या, आणि मी हो म्हणून बसलेय. ती यायच्या आत हे कागद फाडून टाकणार आहे, म्हणून तेवढं लिहून ठेवते: अर्चना संपेपर्यंत मी मान वर केली नाही. तुमच्या आज्ञेसाठी नाही. मला नवऱ्याची काळजी वाटली.