खडकातली निळी फुलं

गॉलवे, १५ मे २००२

अहो,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुम्ही साखर तपासून घेतलीत का?

काल आपल्या सारंगने आम्हा सगळ्यांना इथल्या बरेन नावाच्या माळरानावर नेलं. नजर जाईल तिथवर राखाडी खडक, दगडांचं वाळवंटच म्हणा. पण भेगाभेगांतून इवली निळी फुलं! पूजेला दोन घ्यावीत म्हणून वाकले, तर आपली नात ओरडली, "आजी, नॉट अलाउड!" भेगा ओलांडताना सारंगने माझा हात एकदाही सोडला नाही. त्याचाच हात गार पडला होता.

जेवायला खडकावरच बसलो. सूनबाईने केलेल्या दशम्या सारंगच्या ऑफिसच्या बॅगेतून निघाल्या. त्यात त्याचा कॉम्प्युटर असतो ना? शिवाय काल मंगळवार.

"रजा काढलीस का रे?" मी विचारलं.

"हो गं आई, सगळं ग्रँड आहे," म्हणाला आणि दशमी नुसती हातात धरून बसला. सूनबाई मान खाली घालून डबा आवरत राहिली.

आज सकाळी तो ऑफिसला म्हणून निघाला. दारात बॅग मीच त्याच्या हातात दिली. अगदी हलकी होती.

रविवारी फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ऑफिस काय म्हणतंय?" एवढ्या वेळी तो विचारू नका. निळ्या फुलांचं विचारा. त्यांच्याबद्दल तरी त्याला खरं सांगता येईल.

पथ्य पाळा.

तुमची,
उषा